माहितीची अमानत

गोंदियासारख्या गावात उर्दू शाळेतल्या शिक्षकाला शिकवण्यापलीकडेही एक काम असते. त्याचा पगार नसतो. मोहल्ल्यातले लोक कागद घेऊन घरी येतात. बँकेची नोटीस, रेशनकार्डाचा अर्ज, कोर्टाचे समन्स आणि अलीकडे सर्वांत जास्त दवाखान्याच्या फायली. आमच्याकडे बी.एड.ची पदवी आहे, उर्दू, मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी वाचता येते. एवढ्या भांडवलावर आम्ही लोकांचे मुन्शी झालो. या कामात आमच्या हातून एक गोष्ट घडली. तिला चूक म्हणावे की गुन्हा, हा प्रश्न आम्हाला आजही सोडत नाही. तोच प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील राईस मिलमध्ये हमाली करत. वय चाळिशीच्या आत. रक्तदाब वाढलेला आहे हे कळले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. डायलिसिस सुरू झाले. पहिल्याच महिन्यात मुलीची आई फाईल घेऊन आमच्याकडे आली. ती घरी विड्या वळते, तिला स्वतःची सही येते, त्यापलीकडे नाही. आम्ही एकेक पान वाचून सांगत गेलो. हिमोग्लोबिन किती, क्रिएटिनिन किती, कोणती गोळी कधी, दिवसाला पाणी किती प्यायचे. शेवटच्या पानावर खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी नागपूरला जावे, असा तिचा अर्थ. रुग्णालयात ती ओळ त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती. आम्ही ती मनात वाचली, मोठ्याने वाचली नाही. फाईल मिटली आणि म्हणालो, "डायलिसिस चुकू देऊ नका. बाकी अल्लाह मालिक."

त्यानंतर अडीच वर्षे ते जगले. डायलिसिसवरचे जगणे ज्याने जवळून पाहिले नाही त्याला ते सांगणे अवघड आहे. आठवड्यातून तीनदा जायला हवे. पैसे आणि मजुरी यांच्या ओढाताणीत पुष्कळ जण दोनदाच जातात. चार चार तास हात सरळ ठेवून पडून राहायचे. घरी आल्यावर त्या दिवशी उभे राहवत नाही. उन्हाळ्यात गोंदियाचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि या माणसाला पाणी मोजून प्यावे लागते. त्यांची मुलगी वर्गात एकदा म्हणाली होती की अब्बू रोजा नसतानाही रोज्यातच असतात.

ते गेल्यावर, चाळिसावा झाल्यानंतर, तिची आई पुन्हा आली. निराधार अनुदानाचा अर्ज भरायचा होता. जुनी फाईल सोबत होती. मधल्या काळात नात्यातल्या नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलाने ती वाचली होती. तिने शेवटचे पान काढून बोट ठेवले आणि विचारले, "सर, ये लाइन उस दिन आपने पढ़ी थी?" आम्ही हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ना कहना था तो हम कह लेते." आवाजात राग नव्हता. पदराने फाईलवरची धूळ पुसून तिने अर्ज पुढे केला.

प्रत्यारोपणाने ते वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. कदाचित त्यांच्या शरीराने ते मानवले नसते, कदाचित दाता मिळाला नसता. प्रश्न तो नाही. नकार द्यायचा अधिकार ज्यांचा होता, त्यांच्या वतीने आम्ही नकार देऊन टाकला, हा प्रश्न आहे. आम्ही खोटे बोललो नव्हतो. पण वाचता येणाऱ्याने न वाचता येणाऱ्यासमोर एक ओळ गाळली, तर ते खोटे बोलण्यापेक्षा कमी कसे?

त्या वेळी आमच्या मनात तीन सबबी होत्या. त्या आमच्याच आहेत असे नाही. आपल्या समाजातल्या शिकलेल्या माणसांच्या मनात त्या घर करून असतात. म्हणून एकेक तपासून पाहू.

पहिली सबब पैशाची. हमाली करणाऱ्याला प्रत्यारोपणाचे नाव तरी कशाला सांगायचे, असे आम्हाला वाटले. आम्हाला वाटले, एवढेच. आम्ही चौकशी केली नव्हती. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत, जिला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांची तरतूद होती. २०२३ च्या शासननिर्णयाने ती साडेचार लाख झाली. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण सुरू झाले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे दार बंद आहे असे आम्ही ज्याला समजत होतो, ते निदान ढकलून पाहण्याजोगे होते.

दार सताड उघडे आहे असेही नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या महाग असतात आणि चुकवता येत नाहीत. वारंवार रक्त तपासावे लागते. जंतुसंसर्गाची भीती कायम असते. दात्यालाही काही आठवडे कामावरून बसावे लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर त्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, असा निर्णय २०२३ साली झाला. विड्या वळणाऱ्या बाईला रजा कोण देणार? हे सगळे खरे आहे. पण हे सगळे त्या घरात सांगून मग त्यांनाच हिशेब करू द्यायचा होता. गरिबाला हिशेब येत नाही असे कोण म्हणेल? महिन्याचा किराणा विड्यांच्या मजुरीत बसवणाऱ्या बाईपेक्षा चांगला हिशेब आमच्या बी.एड.च्या वर्गात कोणालाच येत नव्हता.

दुसरी सबब धर्माची. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिचा तुकडा काढून देण्याचा आपल्याला हक्क नाही, असे लहानपणापासून कानावर पडलेले. ही भावना उथळ नाही. तिच्यात शरीराविषयी आदर आहे आणि शरीराचा बाजार मांडण्याला विरोधही आहे. उपखंडातल्या काही मोठ्या उलेमांनी अवयवदानाला हरकत घेतली ती याच पायावर. पण चर्चा तिथे थांबली नाही. सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९८२ साली अवयव प्रत्यारोपणाला परवानगी दिली. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८८ साली जेद्दाहच्या बैठकीत अटींसह ते जायज ठरवले आणि विक्रीला मनाई केली. आपल्याकडे १९८९ साली दिल्लीत इस्लामिक फिक्ह अकादमीच्या परिसंवादात, आजारी नातेवाइकाला आपले एक मूत्रपिंड मोबदला न घेता देणे मान्य झाले. मृत्यूनंतर अवयव द्यावेत अशा वसियतीला मात्र त्या परिसंवादाने संमती दिली नाही. म्हणजे मतभेद आहेत, आणि मतभेद आहेत हेही रुग्णाला कळायला हवे. आपल्या इमामसाहेबांना जाऊन विचारण्याचा त्याचा हक्क आहे. आम्ही तर प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचू दिला नाही.

कराचीचे अब्दुल सत्तार ईधी हे जन्माने आपल्याकडचे, गुजरातमधल्या बांटव्याचे. असंख्य बेवारस मृतदेहांना त्यांच्या संस्थेने कफन दिले. शेवटी त्यांचीच मूत्रपिंडे निकामी झाली आणि ते डायलिसिसवर गेले. जुलै २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले अवयव द्यावेत अशी त्यांची इच्छा होती. थकलेल्या शरीरातले डोळेच तेवढे कामी आले. सूरह मायदातली जीव वाचवण्याविषयीची आयत आमची मुले अर्थासह पाठ करतात. ईधींनी ती कशी वाचली असेल याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

आपल्या मराठी मुस्लिम लेखकांच्या इतिहासातही हा आजार आहे. हमीद दलवाई मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी गेले. त्यांच्या विचारांशी कोणाचे जमो वा न जमो, चाळिशीतला माणूस या दुखण्याने जातो तेव्हा घराचे काय होते हे मेहरुन्निसा दलवाई यांच्या आत्मकथनाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या काळी या रुग्णाला मोजक्या मोठ्या शहरांखेरीज वाट नव्हती. आज ती दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. वाट जवळ आली, तशी ती न दाखवण्याची आमची सबब लंगडी झाली.

तिसरी सबब दयेची, आणि तीच सर्वांत फसवी. सांगितले तर हे कोणाकडे मागणार? बायकोकडे? बहिणीकडे? घरात वितुष्ट येईल, त्यापेक्षा न सांगितलेले बरे, असे आम्हाला वाटले. यात तथ्य नाही असे नाही. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात स्त्रियाच फार मोठ्या संख्येने आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. बायको देते, आई देते, बहीण देते. तिच्यावर दबाव असतो की तिची मर्जी, हे बाहेरून कळत नाही. गरिबीचाही दबाव असतो. २०१५ च्या अखेरीस आपल्याच विदर्भात, अकोल्यात, सावकाराच्या कर्जापायी मूत्रपिंडे विकायला लावल्याचे प्रकरण उघडकीला आले. तेव्हापासून किडनी हा शब्द निघाला की मोहल्ल्यात लोक आधी दलालाचाच विचार करतात.

पण या दबावावर उपाय अज्ञान असू शकतो का? आम्ही कायदा नीट वाचला तेव्हा उलटेच दिसले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात जवळचे नातेवाईक कोण हे सांगितलेले आहे: पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. २०११ च्या दुरुस्तीने आजी, आजोबा आणि नातवंडे आली. रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची सोयही त्याच दुरुस्तीने झाली. पैसे देणे-घेणे हा गुन्हा आहे. २०१४ च्या नियमांत तर स्त्री दाता असेल तेव्हा अधिक काळजी घ्यावी आणि तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे पडताळून पाहावी, असे लिहिले आहे. हे किती बायकांना माहीत आहे? ज्या बाईला हा नियम ठाऊक आहे तिला नाही म्हणायला जागा असते. जिला ठाऊक नाही तिच्यावर घरातले पुरुष आणि गावातला दलाल दोघेही राज्य करतात.

उर्दूत मूत्रपिंडाला गुर्दा म्हणतात, आणि हिमतीच्या कामाला दिल-गुर्दे का काम. मागायला गुर्दा लागतो, द्यायला लागतो आणि नाही म्हणायलाही लागतो. आम्ही त्या तिघांचीही हिंमत आजमावण्याआधीच काढून घेतली होती.

या सगळ्यात काळ कोणासाठी थांबत नाही, हेही आम्हाला नंतर समजले. डायलिसिसवर महिने जातात तसा हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण वाढत जातो. हिमोग्लोबिन उतरले की रक्त चढवावे लागते. परक्या रक्ताने शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात की पुढे जुळणारे मूत्रपिंड सापडणे कठीण व्हावे. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड हवे असेल तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत नाव लागावे लागते. विदर्भाची समिती नागपूरला आहे. हे नाव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत जाते. गोंदियाच्या खाटेवर वर्षानुवर्षे डायलिसिस घेत राहिल्याने ते आपोआप यादीत जात नाही. २०२३ साली केंद्र सरकारने या नोंदणीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा, रहिवासाची अट आणि नोंदणीशुल्क काढून टाकण्याचे ठरवले. अटी कमी झाल्या, पण ज्याला यादी असते हेच माहीत नाही त्याला त्याचा काय उपयोग? देशात २०१३ साली सर्व अवयवांची मिळून पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती अठरा हजारांवर गेली. या वाढीत आपल्या राईस मिलच्या हमालाचा वाटा किती, हा प्रश्न मनात येतो. उशिरा सांगणे हे या आजारात न सांगण्याच्या जवळ जाते.

आमचे एक सहकारी म्हणतात, "हे डॉक्टरांचे काम. मास्तराने मास्तरकी करावी." डॉक्टरांचे काम आहेच. पण डॉक्टर लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. लिहिलेले ज्याला वाचता येत नाही तो ते कोणाकडे नेतो? आमच्याकडेच. अमेरिकेतही हे घडते. तिथल्या जॉर्जिया राज्यात २०१४ साली १३४ डायलिसिस केंद्रांवर एक प्रयोग झाला. प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी रुग्ण फार कमी पाठवले जात, अशी ही केंद्रे होती. त्यातल्या निम्म्या केंद्रांत कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांना शिकवणारे, समजावणारे कार्यक्रम केले गेले. तिथून तपासणीसाठी पाठवणी वाढली आणि काळे व गोरे रुग्ण यांच्यातली तफावत घटली. पाठवणी म्हणजे प्रत्यारोपण नव्हे, हे खरे. पण पाठवल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या एका प्रयोगात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, ही माहिती रुग्णाच्या घरी जाऊन, नातेवाइकांना एकत्र बसवून सांगितली गेली. नुसत्या दवाखान्यात सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला. आम्हाला यात नवल वाटले नाही. रुग्ण स्वतःसाठी मागू शकत नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिसऱ्या कोणीतरी घरात बसून विषय काढावा लागतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. आशा दाखवायची आणि ती पुरी झाली नाही तर माणूस दोनदा मरतो, असे एका स्नेह्यांनी आम्हाला सुनावले. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. खोटी आशा दाखवणे पाप आहे यात शंका नाही. म्हणून सांगायचे ते पुरते सांगावे. तपासणीत नाही असे उत्तर येऊ शकते. यादीत वर्षे जाऊ शकतात. बसवलेले मूत्रपिंडही कायमचे टिकेल याची हमी नाही. डायलिसिसवर राहायचे ठरवणे हाही एक निर्णय आहे आणि त्यात लाज नाही. एवढे सांगूनही माणूस आशा धरत असेल तर ती त्याची आहे, तिच्यावर आमचा पहारा नको.

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. उत्सर्जन संस्थेचा धडा आम्ही दहा-बारा वर्षे शिकवला. घेवड्याच्या बीसारखी आकृती फळ्यावर काढली, नेफ्रॉनला नावे दिली, प्रश्नोत्तरे लिहून दिली. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाबद्दल एक वाक्यही सांगितले नव्हते. आता त्या धड्याच्या आठवड्यात पालकसभा घेतो. उर्दू आणि मराठीत एक पानाचा कागद केला आहे. त्यात फक्त प्रश्न आहेत, रुग्णाने डॉक्टरांना विचारायचे. माझी प्रत्यारोपणाची तपासणी होऊ शकते का? नागपूरला कोणाला भेटायचे? योजनेत काय बसते, काय नाही? दात्याला धोका कोणता? दाता नाही म्हणाला तर पुढे काय? आपल्या भागात सिकलसेल आहे, म्हणून त्याची तपासणी दात्यालाही लागेल का, हाही एक प्रश्न आहे. पहिल्या सभेत आम्ही प्रत्यारोपणाला शुद्ध उर्दूतला पैवंदकारी हा शब्द वापरला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या; पैवंद म्हणजे त्यांच्या लेखी फाटक्या कपड्याला लावायचे ठिगळ. तेव्हापासून आम्ही सरळ किडनी बदलणे म्हणतो.

एका घरात आम्ही बोलावल्यावरून गेलो होतो. आजारी भावाला द्यायला बहिणीने नकार दिला. तिला दोन लहान मुले होती आणि नवऱ्याचा आधार नव्हता. भाऊ म्हणाला, "बरं केलंस बोललीस ते." नंतर तो नागपूरला गेला आणि यादीसाठीच्या तपासण्या करून आला. आजही डायलिसिसवर आहे. त्या घरात वितुष्ट आले नाही. बहीण अजून त्याच्यासाठी डबा घेऊन जाते. आमची दयेची सबब तिथे उरलीसुरली गळून पडली.

शरीर अमानत आहे हे आम्ही अजूनही मानतो. पण आमच्याकडे आलेला कागदही अमानत होता. तो दुसऱ्याचा होता, वाचून जसाच्या तसा परत करायचा होता. आम्ही त्यातली एक ओळ ठेवून घेतली. रोजगार, घर, शिक्षण यांबाबत आपल्याला पुरते सांगितले जात नाही अशी तक्रार आपण समाज म्हणून नेहमी करतो, आणि ती रास्तही आहे. मग आपल्यातल्या चार बुके शिकलेल्यांनी आपल्याच न शिकलेल्यांशी तेच करावे का?

त्या मुलीची आई अजूनही कागद घेऊन येते. मुलगी आता दहावीला आहे, बहुतेक कागद तीच वाचते. अडले तर दोघी येतात. आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतो. मुलगी शेजारी बसून बोटाने ओळ धरून असते, आणि आमचा आवाज मध्येच थांबला तर मान वर करून पाहते.